दृश्यकेंद्रकी पेशी आपला डीएनए नेमका एकदाच कसा उतरवून घेते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिवाणूच्या डीएनएचे प्रतिकरण, म्हणजे रेप्लिकेशन, एकाच ठिकाणापासून सुरू होते आणि पाऊण तासाच्या आत संपते, इतपत समजले, पण माणसाच्या पेशीतला डीएनए त्याहून हजारपटींहून अधिक मोठा आणि त्याची नक्कल करणारी यंत्रणा उलट धिमी असताना हे काम काही तासांत कसे उरकते? हजारो ठिकाणी सुरुवात होत असेल, तर एखादा भाग दोनदा उतरवला जाणार नाही किंवा मध्येच सुटणार नाही, याची खबरदारी कोण घेते? आणि सरळ रेषेतल्या गुणसूत्राच्या टोकाशी काय घडते?

यांतला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे. बहुतेक पाठ्यपुस्तके फोर्कवर, म्हणजे दुहेरी धागा उकलून त्याची नक्कल होत असते त्या दुभंगावर, काम करणाऱ्या विकरांच्या नावांत अडकून पडतात. खरे पाहता जिवाणू आणि आपण यांच्यात फोर्कवरचे रसायनशास्त्र बऱ्याच अंशी सारखे आहे. दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशींचे वेगळेपण आहे ते नियोजनात, म्हणजे कुठून, कधी आणि कितीदा सुरुवात करायची हे ठरवण्यात.

आधी आकडे पाहू. ई. कोलाय या जिवाणूचे वर्तुळाकार गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचे असते. एका आरंभस्थानापासून दोन फोर्क विरुद्ध दिशांना सेकंदाला साधारण एक हजार न्यूक्लिओटाइडांच्या वेगाने निघतात आणि सुमारे ४० मिनिटांत एकमेकांना भेटतात. माणसाच्या द्विगुणित पेशीत सुमारे ६४० कोटी बेसजोड्या असतात आणि फोर्कचा वेग असतो मिनिटाला साधारण दोन हजार बेसजोड्या, म्हणजे जिवाणूच्या तुलनेत तीसपट कमी. आपले सर्वांत लांब गुणसूत्र, पहिले, सुमारे २५ कोटी बेसजोड्यांचे आहे. त्याच्या मधोमध एकच आरंभस्थान असते, तर त्या एका गुणसूत्राची प्रत तयार व्हायला दीड महिन्याच्या आसपास वेळ लागला असता. प्रत्यक्षात पेशीचक्राच्या ज्या टप्प्यात डीएनए दुप्पट होतो तो एस टप्पा माणसाच्या संवर्धित पेशींत आठ तासांच्या आसपास आटोपतो. १९६८ मध्ये ह्युबरमन आणि रिग्ज यांनी किरणोत्सारी थायमिडीन दिलेल्या सस्तन पेशींचे डीएनए तंतू पसरून त्यांची छायाचित्रे घेतली, तेव्हा एकाच तंतूवर ओळीने अनेक आरंभस्थाने आणि प्रत्येकापासून दोन्ही बाजूंना सरकणारे फोर्क स्पष्ट दिसले. या मोजमापाची आजची आवृत्ती अनेक प्रयोगशाळांत नेहमीची झाली आहे: पेशींना एकापाठोपाठ दोन वेगवेगळे खुणेचे न्यूक्लिओसाइड द्यायचे, डीएनए काचपट्टीवर ताणायचा, आणि दोन रंगांच्या पट्ट्यांची लांबी मोजायची. ताणलेल्या तंतूचा एक मायक्रोमीटर म्हणजे सुमारे २.६ हजार बेसजोड्या, त्यामुळे लांबीवरून वेग थेट काढता येतो.

माणसाच्या एका पेशीत एका एस टप्प्यात अंदाजे ३० ते ५० हजार आरंभस्थाने कामाला लागतात. सरासरी धरली, तर दोन सुरुवातींमधले अंतर दीड लाख बेसजोड्यांच्या आसपास येते आणि एका फोर्कच्या वाट्याला पाऊण तासाहून अधिक काम येत नाही. मग आठ तास कशासाठी? कारण सगळी आरंभस्थाने एकाच वेळी पेटत नाहीत. सक्रिय जनुके असलेले, मोकळे क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला बांधणारी प्रथिने) साधारणपणे आधी उतरवले जाते, तर घट्ट बांधलेले हेटेरोक्रोमॅटिन उशिरा. मादी सस्तनांच्या पेशीतले निष्क्रिय एक्स गुणसूत्र हे या उशिराचे ठळक उदाहरण. सुरुवात करून देणारी काही प्रथिने मुद्दाम तुटपुंज्या प्रमाणात असतात आणि ती एका आरंभस्थानावरून मोकळी झाली की पुढच्यावर वापरली जातात. यीस्टमध्ये अशी मोजकी प्रथिने वाढवून दिली, तर उशिराची आरंभस्थानेही लवकर सुरू होतात, म्हणजे क्रम ठरवण्यात या तुटवड्याचा मोठा वाटा आहे.

आता मुख्य मुद्दा. हजारो आरंभस्थानांपैकी जे एकदा सुरू झाले, ते त्याच पेशीचक्रात पुन्हा सुरू होऊन चालणार नाही. तसे झाले, तर त्या भागाच्या दोनाऐवजी तीन किंवा चार प्रती होतील, फोर्क एकमेकांच्या मागून येऊन आदळतील आणि गुणसूत्र तुटेल. पेशीला आपण कुठे उतरवले आणि कुठे नाही याची यादी ठेवता येत नाही. मग ती काय करते? राव आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये वेगवेगळ्या टप्प्यांतल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) एकमेकींत मिसळवून पाहिल्या. एस टप्प्यातल्या पेशीशी जुळवलेल्या जी-१ (एस टप्प्याच्या आधीच्या टप्प्यातल्या) पेशीच्या केंद्रकाने लगेच प्रतिकरण सुरू केले, पण प्रतिकरण आटोपलेल्या जी-२ पेशीच्या केंद्रकाने केले नाही. म्हणजे पेशीद्रवात सुरुवातीचा संकेत हजर असूनही जी-२ केंद्रकाला तो लागू पडत नव्हता. त्याच्यापाशी कशाची तरी उणीव होती. ब्लो आणि लास्की यांनी १९८८ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावरील प्रयोगांतून सुचवले की ही उणीव एका ‘परवान्या’ची आहे. प्रतिकरणाआधी डीएनएवर परवाना चढतो, प्रतिकरणात तो खर्च होतो, आणि विभाजन झाल्याशिवाय नवा मिळत नाही.

हा परवाना म्हणजे काय, हे आता रेणूंच्या पातळीवर ठाऊक आहे. आरंभस्थानावर सहा घटकांचे ओआरसी हे संकुल बसते. बेल आणि स्टिलमन यांनी ते १९९२ मध्ये यीस्टमधून वेगळे केले. त्याच्या जोडीला सीडीसी-६ आणि सीडीटी-१ ही प्रथिने येतात आणि तिघे मिळून एमसीएम-२ ते ७ या सहा प्रथिनांची कडी डीएनएभोवती चढवतात. अशा दोन कड्या तोंडाला तोंड लावून बसल्या की परवाना पूर्ण झाला. या अवस्थेत कड्या दुहेरी धाग्याभोवती असतात आणि पूर्णपणे निष्क्रिय असतात; धागे अजून उकललेले नसतात. यीस्टमध्ये ओआरसी ठरावीक अनुक्रम ओळखून बसते. माणसात असा ठरावीक अनुक्रम सापडलेला नाही. क्रोमॅटिन किती मोकळे आहे, आसपास जनुकांचे लिप्यंतरण कसे चालले आहे, अशा गोष्टींवर जागा ठरते. जिवाणूचे ठाशीव आरंभस्थान डोक्यात ठेवून माणसाकडे पाहणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

परवाना चढवणे आणि तो वापरणे ही दोन कामे पेशी कधीही एकाच वेळी होऊ देत नाही. प्रवेशद्वार उघडण्याआधीच तिकीट खिडकी बंद करावी, तसा हा प्रकार आहे. खिडकी आणि दार दोन्ही ज्याच्या हातात आहेत, ते म्हणजे सायक्लिनवर अवलंबून असणारे कायनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे विकर), सीडीके. विभाजनाच्या शेवटापासून जी-१ टप्प्यापर्यंत सीडीकेची क्रिया अत्यल्प असते आणि तेवढ्याच काळात एमसीएमच्या कड्या चढू शकतात. एस टप्प्याच्या तोंडाशी सीडीकेची क्रिया वाढते, ती आरंभस्थाने पेटवते आणि त्याच वेळी नव्या कड्या चढवण्याचे मार्ग बंद करते. ही क्रिया विभाजनाच्या उत्तरार्धापर्यंत वरच राहते, त्यामुळे मधल्या सर्व काळात नवा परवाना अशक्य असतो.

बंद करण्याचे मार्ग प्रजातीनुसार वेगळे आहेत, पण प्रत्येकीत ते एकाहून अधिक आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यीस्टमध्ये सीडीके ओआरसीवर फॉस्फेट चढवून त्याला निकामी करते, सीडीसी-६ चा नाश घडवते आणि एमसीएम व सीडीटी-१ यांना केंद्रकाबाहेर काढते. प्राण्यांच्या पेशींत भर असतो तो सीडीटी-१ वर. जेमिनिन हे प्रथिन त्याला पकडून ठेवते. शिवाय डीएनएवर काम करत असलेल्या पीसीएनए कडीला (नवा धागा बनवणाऱ्या पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारी प्रथिनाची कडी) सीडीटी-१ चिकटले की त्याच्यावर युबिक्विटिनची खूण लागून ते नष्ट केले जाते. हा दुसरा मार्ग मला विशेष आवडतो, कारण त्यात प्रतिकरण चालू असणे हीच गोष्ट पुन्हा परवाना देण्यावर बंदी घालते. सीडीटी-१ अवाजवी वाढवले किंवा जेमिनिन काढून टाकले, की अनेक प्रकारच्या मानवी पेशींत पुनःप्रतिकरण सुरू होते आणि डीएनएच्या नुकसानीचे संकेत वाजू लागतात.

या व्यवस्थेची एक किंमत आहे. एस टप्प्यात नवा परवाना देता येत नसेल, तर मध्येच दोन फोर्क अडकले आणि त्यांच्यामधला भाग राहून गेला, तर काय करायचे? उपाय आधीच करून ठेवलेला असतो. पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त एमसीएम कड्या चढवून ठेवते आणि त्यांतल्या बहुतांश कधी वापरल्याच जात नाहीत. शेजारून आलेला फोर्क त्यांना बाजूला सारतो. पण एखादा फोर्क अडकला, की जवळचे असे सुप्त आरंभस्थान जागे होऊन राहिलेला भाग पूर्ण करते. ज्या उंदरांत एमसीएमचे प्रमाण कमी केलेले असते, त्यांच्या पेशी साध्या परिस्थितीत बऱ्यापैकी तगतात, पण गुणसूत्रांत बिघाड साठत जातात आणि कर्करोगाचे प्रमाण वाढते. माणसात ओआरसी, सीडीसी-६ किंवा सीडीटी-१ यांच्या जनुकांतील काही उत्परिवर्तनांमुळे मायर-गोर्लिन सिंड्रोम होतो, ज्यात शरीराची वाढ खुंटते. पेशींची संख्या वाढवण्याच्या कामालाच मर्यादा पडल्याचा तो परिणाम मानला जातो.

आता कड्या सुरू कशा होतात ते पाहू. डीडीके हे दुसरे कायनेज एमसीएमवर फॉस्फेट चढवते आणि सीडीके काही जोडप्रथिनांवर. त्यामुळे प्रत्येक कडीला सीडीसी-४५ आणि चार घटकांचे जीआयएनएस हे संकुल येऊन मिळते, आणि तयार होते ते सीएमजी, म्हणजे धागे उकलणारे खरे हेलिकेज. या वेळी कडी उघडून एक धागा बाहेर काढला जातो आणि ती एकाच धाग्याभोवती बसते. दोन कड्या ज्या बाजूने एकमेकींना भिडलेल्या असतात, त्याच बाजूने त्या पुढे सरकतात, म्हणजे निघताना त्यांना एकमेकींना ओलांडून जावे लागते. दोघींनी आपापला नको असलेला धागा बाहेर टाकल्याशिवाय हे शक्य नसते, त्यामुळे अर्धवट सुरुवात होण्याचा धोका आपोआप टळतो. यीस्टची शुद्ध केलेली प्रथिने परीक्षानळीत एकत्र आणून नियंत्रित सुरुवात घडवण्याचे काम डिफ्ली यांच्या गटाने २०१५ मध्ये केले, आणि त्यानंतर कोणता घटक आवश्यक व कोणता केवळ साहाय्यक, यावरचे अनेक वाद मिटले.

फोर्कवरचे काम बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिथे फक्त जिथे चूक होते तेवढेच सांगतो. डीएनए पॉलिमरेज नवा धागा फक्त पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे (धाग्याच्या दोन टोकांची ही नावे) वाढवते, कारण जोडणीची ऊर्जा येणारा न्यूक्लिओटाइड स्वतःच्या ट्रायफॉस्फेटमधून आणतो. ती ऊर्जा वाढत्या टोकावर असती, तर चुकीचा न्यूक्लिओटाइड कापून काढल्याबरोबर टोक निर्जीव झाले असते आणि दुरुस्ती करून पुढे जाणे अवघड झाले असते. दुहेरी धागे परस्परविरुद्ध दिशांचे असल्यामुळे एक नवा धागा सलग आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी बनतो. दोन्हींची सुरुवात करते पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज. ते सुमारे आठ-दहा न्यूक्लिओटाइडांचा आरएनए आणि त्यापुढे वीसेक न्यूक्लिओटाइडांचा डीएनए जोडते. मग आरएफसी हे संकुल पीसीएनएची कडी बसवते आणि काम इतरांकडे जाते. सलग धागा प्रामुख्याने पॉलिमरेज एप्सिलॉन बनवते, जे सीएमजीलाच जोडलेले असते. तुकड्यांचा धागा पॉलिमरेज डेल्टा. दोन्ही धागे एकच पॉलिमरेज बनवते, ही समजूत जिवाणूंवरून आलेली आहे आणि दृश्यकेंद्रकी पेशींना लागू होत नाही.

हे तुकडे, म्हणजे ओकाझाकी तुकडे, जिवाणूत एक ते दोन हजार न्यूक्लिओटाइडांचे, तर आपल्यात केवळ शंभर ते दोनशे. एका मानवी पेशीच्या एका चक्रात असे काही कोटी तुकडे बनतात आणि प्रत्येकाचा प्रायमर (सुरुवातीचा आरएनए) काढून सांधा जोडावा लागतो. डेल्टा पुढच्या तुकड्याशी पोचली की त्याचे सुरुवातीचे टोक थोडे उचलते, एफईएन-१ ते कापते आणि डीएनए लायगेज-१ फट बंद करते. तुकड्यांची ही लांबी न्यूक्लिओसोममधल्या, म्हणजे हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळून झालेल्या मण्यांमधल्या, अंतराशी जुळते. फोर्कच्या मागे सीएएफ-१ हे प्रथिनसंकुल पीसीएनएला धरून नवे हिस्टोन लगोलग बसवते, आणि नव्याने बसलेला न्यूक्लिओसोम डेल्टाला आणखी पुढे सरकू देत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. फोर्कच्या पुढचे जुने हिस्टोन त्यांच्या रासायनिक खुणांसह दोन्ही कन्या-धाग्यांत जवळपास सारखे वाटले जातात. त्यासाठी एमसीएम-२ आणि एप्सिलॉनचे दोन छोटे घटक हिस्टोन हाताळतात. म्हणजे फोर्क केवळ अनुक्रमाची नक्कल करत नाही, तो क्रोमॅटिनची अवस्थाही पुढे नेतो.

धागे उकलताना होणारी पिळवटही विसरू नये. साडेदहा बेसजोड्यांना एक वळसा, या हिशेबाने मिनिटाला दोन हजार बेसजोड्या उकलणारा फोर्क दर मिनिटाला जवळजवळ १९० वळसे पुढे ढकलतो. टोपोआयसोमरेज-१ एक धागा तात्पुरता कापून हा पीळ सोडवते, तर टोपोआयसोमरेज-२ दोन्ही धागे कापून, विशेषतः शेवटी, एकमेकांत गुंतलेल्या कन्या-रेणूंना सोडवते. टोपोटिकॅनसारखी कर्करोगावरची औषधे पहिल्या विकराला कापलेल्या अवस्थेतच अडकवतात, आणि फोर्क तिथे येऊन धडकला की डीएनए तुटतो.

अचूकतेबद्दल थोडक्यात: एप्सिलॉन आणि डेल्टा योग्य बेस निवडण्यात लाखात एखादी चूक करतात, त्यांच्यातलीच कापणारी क्रिया त्यातल्या बहुतेक चुका लगेच काढते आणि उरलेल्यांचा समाचार विजोड-दुरुस्ती यंत्रणा घेते. शेवटी शिल्लक राहणारे प्रमाण शंभर कोटी ते हजार कोटी बेसमागे एक इतके खाली येते. एप्सिलॉनच्या कापणाऱ्या भागात बिघाड असलेले गर्भाशयाच्या अस्तराचे व मोठ्या आतड्याचे कर्करोग उत्परिवर्तनांनी अक्षरशः भरलेले असतात, यावरून त्या क्रियेचे मोल कळते.

काम संपते कसे? समोरासमोर आलेले फोर्क भेटले की एमसीएम-७ वर युबिक्विटिनची साखळी चढते आणि पी-९७ हे विकर सीएमजी उतरवते. ते डीएनएवर तसेच राहू देणे धोक्याचे असते, पण फोर्क चालू असताना उतरवणेही तितकेच घातक, कारण त्या जागी परत चढवण्याची मुभा नसते. म्हणूनच एटीआर आणि सीएचके-१ या कायनेजांची पहारा-यंत्रणा, न्यूक्लिओटाइडांचा तुटवडा पडला किंवा फोर्क अडखळला की, दूरच्या नव्या सुरुवाती थांबवते, अडकलेले फोर्क सांभाळते आणि विभाजन लांबवते. तिसऱ्या गुणसूत्रावरील एफआरए३बी ही जागा काही पेशींत तुटण्यासाठी बदनाम आहे. त्या विस्तीर्ण पट्ट्यात आरंभस्थाने विरळ असल्यामुळे फोर्कना लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि वाटेत अडथळा आला तर मदतीला जवळ कोणी नसते.

राहिला टोकांचा प्रश्न. ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये आणि वॉटसन यांनी १९७२ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की टोकाकडचा शेवटचा प्रायमर काढल्यावर ती जागा भरायला मागे कोणी उरत नाही, त्यामुळे रेषीय गुणसूत्र दर वेळी आखूड व्हायला हवे. मानवी पेशींत ही घट दर विभाजनाला साधारण ५० ते १०० बेसजोड्यांची असते, आणि ती सोसण्यासाठी टोकांवर टीटीएजीजीजी या सहा अक्षरांच्या हजारो बेस लांबीच्या पुनरावृत्ती असतात. ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांना १९८४ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात सापडलेले टेलोमरेज स्वतःजवळच्या आरएनएचा साचा वापरून ही लांबी परत वाढवते. जननपेशींच्या मूळ पेशींत ते सक्रिय असते, बहुतेक शरीरपेशींत जवळजवळ नसते, आणि बहुसंख्य कर्करोगांत पुन्हा जागे झालेले आढळते. मात्र टेलोमरेज फक्त एकच धागा वाढवते. समोरचा धागा भरण्यासाठी सीएसटी हे संकुल त्याच पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजला टोकापाशी बोलावते, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले की टेलोमरेज कितीही भरपूर असले, तरी ही दुसरी भरणी झाली नाही, तर टोके आखूड होतच राहतात.